खुनानंतरचा पांढरा सूट

आत्याच्या लाँड्रीतून डाग तसाच घेऊन कपडा बाहेर पडला असं कुणी म्हटलं असतं, तर त्या रस्त्यावरच्या माणसांनी आधी म्हणणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. शाई, तेल, गंज, चहा, लिपस्टिक (ही घेऊन येणारं गिऱ्हाईक नेहमी फार घाईत असे), सगळे डाग तिच्याकडे यायचे आणि तिथेच राहायचे. कपडा देण्याआधी ती तो दारात नेऊन उजेडात धरायची, उलटा करायची, काखा बघायची, कॉलर वाकवून बघायची. मनासारखा दिसला नाही तर समोर कुणीही उभं असो, "उद्या या" म्हणून आत फेकायची. एका नवऱ्या मुलाला तिनं लग्नाच्या दिवशी सकाळी "उद्या या" म्हटलं होतं. त्याचा बाप पाया पडला तरी कोट मिळाला नाही. मुलानं काकाचा कोट घालून लग्न केलं आणि एकाही फोटोत त्याच्या हातांचे पंजे दिसत नाहीत.

ती खरी आत्या एकाचीच होती, पण त्याच्या तोंडून ऐकून ऐकून सगळा रस्ता तिला आत्या म्हणायला लागला. तिच्याहून मोठी माणसंही म्हणायची. भाऊ बदलीच्या नोकरीत होता, सारखं नवं गाव, नवी शाळा. शेवटी त्यानं मुलाला बहिणीकडे ठेवलं. "थोडे दिवस" म्हणून ठेवलेला मुलगा मिसरूड फुटेपर्यंत राहिला. आत्याला मूल नव्हतं. नवरा होता, तो लवकर गेला. कुठे गेला ते तिनं सांगितलं नाही आणि रस्त्यानंही विचारलं नाही, कारण लाँड्रीवालीला दुखवलं की शर्ट उशिरा मिळतो. भाचा काऊंटरखाली गाठोड्यांत झोपला, गाठोड्यांवर बसून पाढे शिकला आणि लोकांच्या खिशांत राहून गेलेली सिनेमाची तिकिटं जमवत मोठा झाला. पुढे जे घडलं त्याचा दोष द्यायचाच तर त्या खिशांना द्यायला हवा.

तो शिकला, नोकरीला लागला आणि एक दिवस नोकरी सोडून "सिनेमा करतोय" म्हणाला. भावाचा फोन आला.

"तुझ्याच लाडांनी झालंय हे सगळं."

"सिनेमाच करतोय ना दादा," आत्या म्हणाली, "दरोडा तर घालत नाही."

तेव्हा तिला गोष्ट माहीत नव्हती. गोष्टीत दरोडाही होता.

सिनेमाचं नाव 'साडेचौथा मजला'. या नावाचा अर्थ शेवटपर्यंत कुणाला कळला नाही. ज्या इमारतीत सगळं घडतं तिला तीनच मजले आहेत. एका टोळीसाठी वसुली करणारा माणूस असतो, त्याच्या अंगात कायम पांढरा सूट. तो आपल्या बॉसचा खून करतो आणि रक्तानं माखलेल्या त्याच सुटात सकाळच्या भरल्या बाजारातून चालत जातो. भाजीवाले, दूधवाले, कामाला निघालेल्या बाया, कुणी त्याच्याकडे मान वळवून बघतसुद्धा नाही. "तोच तर सिनेमा आहे, आत्या," भाचा जेवता जेवता सांगायचा. "माणूस रक्तानं न्हालाय आणि शहर बघत नाही. बाकीचं सगळं फक्त तिथपर्यंत पोचण्यासाठी." आत्याला ते बाकीचं सगळं जरा जास्त वाटायचं, पण ती बोलायची नाही. आपला तो बाब्या.

पैशांच्या नावानं आनंदीआनंद होता. रात्र दाखवायला दिवे परवडत नव्हते, म्हणून भर दिवसा खिडक्यांना काळा कागद चिकटवून रात्र केली जायची. कागद जिथे फाटला होता तिथे चंद्र आहे असं ठरलं. पिस्तूल लाकडाचं होतं, त्यामुळे ते सिनेमात कधी पूर्ण दिसतच नाही. पुढे याला दिग्दर्शकाचा संयम म्हणतात असं छापून आलं. नायक व्यायामशाळेत लोकांना वजनं उचलायला शिकवायचा. बॉसचं काम एका निवृत्त पोस्टमास्तरांनी केलं. त्यांना वाक्यं पाठ होईनात, म्हणून बॉस सिनेमाभर चकार शब्द न बोलता संत्री सोलत बसतो. रक्त मेकअपवाली बाई घरी साखरेच्या पाकात रंग घालून करायची. आणि पांढरा सूट होता एकच.

इथे आत्या सिनेमात आली. खुनाचा प्रसंग काही केल्या जमेना. कधी नायकाला शिंक यायची, कधी पोस्टमास्तर मेल्यानंतर संत्र्याकडे बघायचे. प्रत्येक वेळी सूट लाल व्हायचा आणि पिशवीतून लाँड्रीत यायचा. आत्या तो आधी थंड पाण्यात घालायची, मग साबण, मग तिच्या बाटलीतलं ते कुणालाही न सांगितलेलं औषध. पंख्याखाली वाळवून इस्त्री करून सूट पांढराशुभ्र परत जायचा, आणि पुन्हा लाल होऊन यायचा. पाकाच्या वासानं दुकानात मुंग्यांची रांग लागली.

"ताई, खून तिकडे होतोय आणि मुंग्या आपल्याकडे," इस्त्रीवाले काका म्हणायचे. ते त्या दुकानात आत्याच्याही आधीपासून होते आणि त्यांना जगातल्या कुठल्याच गोष्टीचं कौतुक नव्हतं.

आत्याला मात्र त्या दिवसांत फार सुख होतं. मोठं झाल्यापासून भाच्याचं बोलणं "बरी आहेस ना?" आणि "येतो गं" या दोन वाक्यांत उरकत असे. आता तो रोज दारात उभा असायचा, चहा घ्यायचा, उजेडाचं बोलायचा, कॅमेऱ्याचं बोलायचा, "बघ ना, खांद्यावर अजून गुलाबी दिसतंय का?" असं तिला विचारायचा. त्याला तिच्या हाताची गरज लागत होती. सिनेमा कधी संपूच नये असं तिला वाटायचं, आणि प्रेक्षकांपैकी निम्म्यांना पुढे तो संपतच नाही असं वाटलं, ही गोष्ट वेगळी.

मग एका दुपारी खून जमला. भाचा स्वतः हँगरवर सूट घेऊन आला, चेहरा उजळलेला. छातीपासून गुडघ्यापर्यंत सूट लालेलाल होता.

"आत्या, झालं एकदाचं. आता हा असाच ठेव, हात लावू नकोस. उद्या सकाळी बाजारातलं चालणं घ्यायचंय. एकच सकाळ मिळालीय, नायक परवा नव्या नोकरीच्या गावाला चाललाय."

"ठेवते," आत्या म्हणाली आणि सूट मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगला.

तिनं खरोखर ठेवला होता. पण लाँड्रीत डाग पडलेला कपडा भिंतीवर टांगून ठेवणं म्हणजे हलवायानं दारात माशा बसवणं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी सुटाकडे बघायचं, मग आत्याकडे. "हे काय?" "सिनेमाचं आहे." "अच्छा." प्रत्येकाला समजावून तिची जीभ दुखायला लागली. आणि मग समोरचा ड्रायक्लीनर सुटे पैसे मागायला आला.

या समोरच्याचं दुकान काचेचं होतं. आत मोठं मशीन, बाहेर रंगीत पाटी, आणि तो स्वतः सदा हसतमुख. आत्याला त्याच्या मशीनचा राग नव्हता, हसण्याचा होता. त्यानं सुट्या पैशांसाठी हात पुढे केला आणि भिंतीकडे बघून मान हलवली.

"नाही निघत ना?" तो फार मायेनं म्हणाला. "हातानं नाही निघायचं ते, आत्या. पाठवून द्या आमच्याकडे. तुमच्याकडून काही घेणार नाही मी."

"सिनेमाचा आहे तो. तसाच ठेवायचाय."

"हो, हो," तो म्हणाला आणि हसत निघून गेला.

ते "हो, हो" आत्याच्या डोक्यात घुसलं. माणसानं खोटं बोलता म्हटलं असतं तर भांडता आलं असतं, हा तर समजून घेत होता. थोडा वेळ तिनं एका चादरीच्या घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. मग सूट खाली काढला.

"ताई," इस्त्रीवरून मान वर न करता काका म्हणाले, "पोरानं हात लावू नका म्हटलंय."

"हात कुठे लावतेय? कॉलर तेवढी बघते."

कॉलर निघाली. पण पांढऱ्या कॉलरखाली लाल छाती विचित्र दिसायला लागली, म्हणून छातीचा वरचा भाग तेवढा घेतला. मग एक बाही राहिली आणि एक झाली, असं कसं दिसेल? ज्यांनी कधी घरातली एकच भिंत रंगवायला काढली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत सूट दुधासारखा झाला होता, आणि आत्यानं तो वाळायला दाराबाहेर लावला, समोरच्या काचेतून नीट दिसेल असा. आपण काही गैर केलं असं तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. इतक्या वेळा रंग टाकला, तसा उद्या परत टाकतील. रंगाला काय तोटा? डाग पाडणं कुणालाही जमतं, काढणं जमत नाही, हीच तिची आयुष्यभराची समजूत होती.

सकाळी भाचा आला. सूट बघून आधी त्याला वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा आहे. मग तो गाठोड्यावर बसला.

"रंग टाका की परत," आत्या म्हणाली.

"कुठला रंग? बाटली संपली. ती बाई काम संपलं म्हणून बहिणीकडे निघून गेली. आणि असता तरी तेच डाग तिथेच कसे पडणार, आत्या? बाजाराआधी लोक पडद्यावर खून बघणार. कुठे किती रक्त उडालं ते बघणार." त्याचा आवाज चढत नव्हता, हेच वाईट होतं. "हात लावू नकोस म्हटलं होतं मी. सूट नाही धुतलास तू. माझा सिनेमा धुऊन टाकलास."

सकाळ एकच होती. बाजार भरला होता, कॅमेरा भाड्याचा होता, नायकाची बॅग भरलेली होती. भाच्यानं तसाच, लखलखीत पांढऱ्या सुटात नायक बाजारातून चालवला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि का बघावं? माणूस स्वच्छ कपड्यांत कामाला चालला होता.

त्या दिवसापासून भाचा लाँड्रीत यायचा थांबला. फोन केला तर "कामात आहे" म्हणायचा, नंतर तेही म्हणेना. आत्या गिऱ्हाइकांशी पहिल्यासारखीच भांडायची, डाग पहिल्यासारखेच काढायची, पण दारात कपडा उजेडात धरला की तिची नजर कपड्यावरून घसरून रस्त्याच्या कोपऱ्याकडे जायची. मनातल्या मनात तिनं एक वाक्य घडी घालून ठेवलं होतं. "चुकलं रे माझं. त्या समोरच्याच्या नादानं मी हात लावला." तो दारात दिसला की आधी हे म्हणायचं, मग चहा टाकायचा. पण ते म्हणायला समोर माणूस लागतो, आणि माणूस येत नव्हता.

वर्षभरानं सिनेमा लागला. लागला म्हणजे एका लहान थिएटरात दुपारच्या खेळाला, आणि मग लोकांच्या फोनांत. पहिल्या आठवड्यातच बघणाऱ्यांचे दोन तट पडले. निम्मे म्हणाले, असला भिकार सिनेमा जन्मात बघितला नाही: अंधारात माणसं पाठ करून उभी, एक म्हातारा संत्री खातोय, आणि शेवटी रक्ताचा पूर वाहिल्यावर नायक बाहेर येतो तो धोब्याकडून आल्यासारखा. शाळेच्या नाटकातसुद्धा अशी चूक करत नाहीत. उरलेले निम्मे म्हणाले, तुम्हाला कळलाच नाही. तो पांढरा सूट हाच तर सिनेमा आहे. खून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पचतो, डाग पडतच नाही, शहरच डाग पुसून देतं. कुणी म्हणालं, खून झालाच नाही, त्याच्या मनात झाला. कुणी म्हणालं, नायकच मेलाय आणि बाजारातून चालतंय ते भूत. एका जाडजूड मासिकात त्या सुटावर असा लेख आला की वाचून आत्याला आपण सूट धुतला म्हणजे काहीतरी मोठं बोललो होतो की काय असं वाटायला लागलं.

लाँड्रीच्या काऊंटरवर रोज हीच मारामारी. दातांच्या डॉक्टरीणबाई सूट थोर म्हणायच्या, निवृत्त हेडमास्तर सूट म्हणजे गचाळपणा म्हणायचे, आणि दोघंही निवाड्यासाठी आत्याकडे बघायचे. आत्या त्यांना त्यांचे धुतलेले कपडे काढून द्यायची. तिनं सिनेमा काकांना बरोबर नेऊन बघितला होता. काका अर्ध्यात झोपले, जागे होऊन म्हणाले, "माणसं कमी आणि भिंती जास्त आहेत." आत्या झोपली नाही. बाजारातून तो सूट चालत गेला तेव्हा तिनं फक्त खांद्याची शिवण बघितली, आणि ती छान बसली होती.

आता तो येईल, असं तिला वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला होता. जी चूक म्हणून तो रागावला होता तिनंच त्याचा सिनेमा चार लोकांच्या तोंडी गेला होता. निदान हसायला म्हणून तरी येईल. पण भाचा आला नाही. तो बोलला मात्र सगळीकडे. काकांच्या फोनवर आत्या त्याच्या मुलाखती बघायची. पहिल्या मुलाखतीत सुटाबद्दल विचारलं तेव्हा त्याची मान खाली गेली आणि तो म्हणाला, "त्यावर मी बोलणार नाही." लोकांना ते फार खोल वाटलं. पुढे तो "तुम्हाला काय वाटतं?" असं उलट विचारायला लागला. आणखी पुढे म्हणाला, "रक्त दिसलं असतं तर खून एका माणसाचा राहिला असता." आणि एका मुलाखतीत, मान ताठ ठेवून, "सूट पांढरा असणार हे माझं पहिल्यापासून ठरलं होतं." तिथे फार टाळ्या पडल्या.

आत्याला राग आला नाही. तिला उलगडा झाला, आणि तो रागापेक्षा वाईट होता. आता दारात यायचं म्हणजे त्याला खऱ्या गोष्टीच्या समोर यावं लागणार. आपण त्याचा सिनेमा बुडवला असता तर एखाद्या दिवशी त्यानं माफ तरी केलं असतं. आपण तो तारला, त्याची माफी तो कुठून आणणार? तिच्या डोळ्याला पाणी आलं, आणि इस्त्रीची वाफ लागली असं तिनं काकांना सांगितलं. काकांची इस्त्री तेव्हा बंद होती.

त्या भागातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये एका रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचं ठरलं, नंतर दिग्दर्शकाशी गप्पा. आत्या काकांना घेऊन गेली आणि मागच्या खुर्चीवर बसली. तिला काही विचारायचं नव्हतं. लांबून बघायचं आणि परतायचं. सिनेमा संपला, भाचा व्यासपीठावर येऊन बसला. बारीक झाला होता. शर्टाची कॉलर आतून काळवंडलेली होती, कुठे धुतो कोण जाणे.

हॉलमध्येही तेच दोन तट. हेडमास्तर डावीकडे, डॉक्टरीणबाई उजवीकडे, मध्ये जोराचं बोलणं. सुटाचा प्रश्न आला, भाच्यानं आपलं ते एका माणसाच्या खुनाचं वाक्य म्हटलं, उजवीकडून टाळ्या आल्या. त्या विरायच्या आत समोरचा ड्रायक्लीनर उठून उभा राहिला, हसतमुख.

"मी कलेतला माणूस नाही," तो म्हणाला, "कपड्यांतला आहे. हा सूट रक्तानं भरलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय, शेवटचं चित्रीकरण व्हायच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी तोच धुऊन दाराबाहेर वाळत होता. आणि घाईत धुतलेला होता. बाजारात हा माणूस हात वर करून केस मागे घेतो, तेव्हा कफच्या आतल्या बाजूला फिकट गुलाबी डाग दिसतो. मी थांबवून थांबवून बघितलाय. म्हणजे ठरलंबिरलं काही नव्हतं. कुणीतरी चुकून धुतला, तोही नीट नाही. तुम्ही सरळ सांगून टाका ना."

डावीकडची माणसं पुढे सरकून बसली. आत्याला पहिला धक्का बसला तो कफचा. डाग राहिला? आपल्या हातून? कफ उलटा करून बघायचा राहिला होता, उजेड कमी झाला होता, आणि लक्ष सगळं समोरच्या काचेकडे होतं. लाजेनं तिचे कान तापले. मग तिनं व्यासपीठाकडे बघितलं.

भाच्यानं माइक हातात धरला होता. त्याची नजर उत्तर शोधत हॉलभर फिरली आणि मागच्या रांगेत तिच्यावर येऊन थांबली. तो पांढराफटक पडला. लहानपणी शेजाऱ्यांच्या खिडकीची काच फोडून काऊंटरखाली लपला होता तेव्हा असाच दिसला होता. तेव्हाही तिनं शेजाऱ्यांना सांगितलं होतं की काच तिनंच फोडली.

आत्या उभी राहिली.

"तो सूट मी धुतला," ती म्हणाली. माइक नव्हता, पण गिऱ्हाइकांना हाका मारून कमावलेला आवाज होता. "यानं सांगितलं म्हणून धुतला. हा आदल्या दिवशी सूट घेऊन आला आणि म्हणाला, आत्या, सगळं रक्त काढून टाक, पांढरा कर. मी म्हटलं, अरे, लोक हसतील. तर म्हणाला, हसू देत."

"आणि कफचा डाग?" ड्रायक्लीनरनं विचारलं.

आत्यानं पदर खोचला. "तो ठेवायला सांगितला होता यानं," ती म्हणाली. "म्हणाला, कफच्या आत थोडासा राहू दे, बघणाऱ्याला दिसेल. तुम्हाला दिसला की. नाहीतर माझ्या हातून डाग राहतो होय?"

हॉलमध्ये हशा पिकला, आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की डावीकडचे दोघंतिघंही वाजवताना दिसले. ड्रायक्लीनर तोंडात मारल्यासारखा खाली बसला. डॉक्टरीणबाई मागे वळून शेजारणीला म्हणाल्या, "बघ, केवढा विचार केलाय त्यानं." टाळ्या भाच्यासाठी होत्या, त्या त्याच्याकडेच गेल्या. मग त्याची मान हळूहळू हलायला लागली. "हो," तो माइकमध्ये म्हणाला. "कफचं... हो."

परतताना काका कोपऱ्यावर थांबले.

"ताई," ते म्हणाले, "मी तिथेच उभा होतो. हात लावू नकोस म्हणाला होता तो."

"तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं, काका."

संध्याकाळी भाचा आला. लाँड्रीच्या मागच्या खोलीत, आपल्या जुन्या जागी, भिंतीला पाठ लावून बसला. आत्यानं चहाबिहा विचारला नाही, सरळ ताट वाढलं. भाजी जरा ताटाबाहेर गेली. ते इतके दिवस घडी घातलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. हॉलमधलं हॉलमध्ये, आता दार लावलेलं आहे, आता म्हणून टाकायचं. ती त्याच्यासमोर बसली.

"आत्या, मला एक बोलायचंय," तोच आधी म्हणाला.

"जेव आधी."

"नाही, आत्ताच बोलू दे. माझं फार चुकलं. त्या दिवशी सकाळी मी तुला नाही नाही ते बोललो, इतके महिने तोंड दाखवलं नाही. आज तू कफचं म्हणालीस आणि मला सगळं लख्ख आठवलं. मीच सांगितलं होतं तुला. इथेच दारात उभा राहून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गडबडीत माझ्याच डोक्यातून गेलं, आणि खापर तुझ्यावर फोडलं." "तू तरी तेव्हा बोलायचं ना गं. गप्प का राहिलीस?"

आत्यानं त्याच्याकडे निरखून बघितलं. हा पोरगा खोटं बोलायला लागला की पायाच्या अंगठ्याकडे बघायचा, लहानपणापासूनची खोड. तो तिच्या डोळ्यांत बघत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. तो तिची माफी मागत होता, मनापासून, तिनंच दुपारी रचलेल्या गोष्टीबद्दल. आणि आता तिला माफी मागायला जागाच उरली नव्हती. ती "चुकलं रे माझं" म्हणाली असती तर त्यानं विचारलं असतं, तुझं काय चुकलं, आणि तो पुन्हा उठून गेला असता.

"मला वाटलं, तुला आठवेल कधीतरी," ती म्हणाली.

"आठवलं की," तो म्हणाला, डोळे पुसले आणि जेवायला लागला. तिनं त्याला आणखी वाढलं.